मोर कोणाचा?

दादरच्या चैत्यभूमीचे प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर उभे आहे. सांचीच्या पूर्व तोरणावर अशोकाची बोधिवृक्षभेट कोरलेली असून त्याच तुळईच्या टोकांना मोर आहेत. ते मौर्य कुळाचे चिन्ह, असे अभ्यासक मानतात. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. परंतु घरोघरी पोहोचला तो सरस्वतीजवळचा मोर. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याचा त्यात मोठा वाटा आहे. स्वतंत्र भारताने सिंहशीर्ष व धम्मचक्र अशोकाचे म्हणून स्वीकारले, मोर मात्र पुराणांच्या हवाली केला. हे आम्हांस सहज घडलेले वाटत नाही.

अशोकाच्या पहिल्या शिलालेखातील मोर शोभेचा नाही. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरिण, आणि पुढे तेही नाहीत, असे तो सांगतो. (स्वतःच्या ताटाचा हिशेब शिळेवर कोरणारे राजे विरळाच!) मोरजातकातील सुवर्णमोर तर सकाळ-संध्याकाळ बुद्धांना वंदन करतो, लांडोरीच्या सादेने ज्या दिवशी पठण विसरतो, त्याच दिवशी फासात सापडतो. थेरवादी देशांत हे मोरपरित्त आजही म्हटले जाते. आमच्या विहारांतील परित्राणपाठात त्याचा अर्थ मराठीतून सांगितला जावा.