सुटका आणि पलायन : ‘माणूस’मधल्या मैनेपासून पुढे

देहविक्रय करणारी स्त्री कोठीतून पळते, मागे दलाल आणि पोलीस लागतात आणि शेवटपर्यंत गोष्ट तिची पाठ सोडत नाही, असा गुन्हेपट मराठीत आठवू गेलं तर चटकन नाव सुचत नाही. या जीवनावरचं लेखन आपल्याकडे कमी आहे असं नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं (१९७२) मुंबईची ती वस्ती तिच्याच भाषेसकट कवितेत आणली. नाटक-सिनेमांतही ही स्त्री वारंवार आली. पण आपल्या कथांमध्ये तिची बहुधा ‘सुटका’ होते. ती स्वतः क्वचितच पळते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. सुटकेच्या गोष्टीत नायकपण सोडवणाऱ्याकडे जातं. पलायनाच्या गोष्टीत ते पळणारीकडेच राहतं. तीन मराठी कृती आणि एक इंग्रजी चित्रपट यांच्या आधारे हा फरक तपासण्याचा इथे प्रयत्न आहे.

सुरुवात अर्थातच ‘माणूस’पासून (१९३९). प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) धाडीच्या वेळी मैनेला (शांता हुबळीकर) वाचवतो आणि तिच्यात गुंततो. तो तिला नव्या आयुष्याकडे न्यायला पाहतो, पण त्याच्या आईच्या सोवळ्या घरात आपल्याला जागा आहे यावर मैनेचा विश्वास बसत नाही. पुढे छळणाऱ्या मामाचा खून तिच्या हातून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो. ती नाकारते आणि तुरुंगाचा रस्ता धरते.

गुन्हेपटाचं सारं साहित्य इथे हजर आहे : धाड, लपवाछपवी, पैसे उकळणारा नातेवाईक, खून, कोठडी. फक्त पळणं नाही. पळण्याची संधी मैनेला मिळते ती दोन्ही वेळा वर्दीतल्या पुरुषाच्या कृपेनं. पहिल्या वेळी ती स्वीकारते, दुसऱ्या वेळी नाकारते. तिच्या नकारात स्वाभिमान आहे, हे मान्यच करायला हवं. शांता हुबळीकरांनी मैनेला दिलेला मिश्कीलपणा आणि अनेक भाषांतून फिरणारं तिचं गाणं यांमुळे ती दयेची पात्र वाटत नाही. गिऱ्हाइकागणिक भाषा बदलणारी ही बाई आपला बाजार पुरता ओळखून आहे. इतक्या हुशार बाईला पळून कुठे जायचं हे सुचू नये, ही उणीव पटकथेच्या माथी जाते, मैनेच्या नाही.

‘माणूस’ हे ‘देवदास’च्या (१९३५) हताशेला दिलेलं उत्तर आहे, असं समीक्षेत नेहमी म्हटलं जातं, आणि ते खरं आहे. प्रेमभंगानं गणपत दारूत बुडून मरत नाही. आयुष्य जगण्यासाठी असतं हे तो स्वीकारतो आणि कामावर परततो. पण हे उत्तर कोणाला दिलं आहे? जगण्याचा संदेश गणपतच्या वाट्याला येतो, गजाआडचं आयुष्य मैनेच्या. देवदासचा मार्ग चित्रपटानं नाकारला, चंद्रमुखीसाठी मात्र नवा मार्ग काढला नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’त (१९८१) सोडवणारा पोलिसाऐवजी पत्रकार होतो. जयसिंग जाधव बाजारात विकायला ठेवलेली आदिवासी बाई विकत घेतो, पत्रकार परिषदेत तिला उभी करतो आणि काम संपल्यावर तिची रवानगी संस्थेत करतो. कमला कोठीतली बाई नाही, तरी माणसांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारातलीच ती आहे. सोडवणाराही खरेदीदारच असतो, हे तेंडुलकरांना पुरेपूर ठाऊक होतं. नाटकाची धार त्यातच आहे. पण त्या धारेनं जागी होते ती जयसिंगची पत्नी सरिता. कमला रंगमंचावरून जाते, आणि तिच्यामागे जायला नाटकाला सवड नसते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) पाहणारे डोळे बदलतात. लग्नाच्या दिवशीच गौरीच्या नियोजित नवऱ्याचा अपघाती मृत्यू होतो, दोष तिच्या कपाळी येतो आणि ती मुंबईला धाडली जाते. तिच्या कमाईवर घर चालतं. बहिणीच्या लग्नाला ती परतते तेव्हा आईलाच तिचा संकोच वाटतो. ही कथा आपण धाकट्या कृष्णेच्या नजरेनं पाहतो, एखाद्या उद्धारकाच्या नाही. मराठीत हे मोठं पाऊल होतं. इथे प्रवास आहे, तोही बाईनं स्वतः केलेला. मात्र तो घराकडे येणारा आहे आणि त्या घराचं दारच अर्धं लागलेलं आहे.

याच्या शेजारी पॉल अँड्र्यू विल्यम्सचा ‘लंडन टू ब्रायटन’ (२००६) ठेवून पाहावा. पहाटेच्या अंधारात सुजलेल्या चेहऱ्याची केली आणि अकरा-बारा वर्षांची जोआन सार्वजनिक शौचालयात शिरतात, तिथून चित्रपट सुरू होतो. एका बड्या गुंडाचा मृत्यू झाला आहे. त्याचा मुलगा दलालाला धमकावतो आणि दलाल या दोघींच्या मागावर निघतो. लंडन ते ब्रायटन हे अंतर गोंदिया ते नागपूर अंतराहूनही कमी आहे, पण तेवढ्या प्रवासाचा तिकिटाचा पैसाही केलीपाशी नाही. तो मिळवायला तिला पुन्हा त्याच धंद्याकडे वळावं लागतं. ज्यातून पळायचं त्याचाच आधार घेऊन पळायचं, हा पेच कुणाच्या भाषणाशिवाय प्रेक्षकापर्यंत पोचतो. चित्रपटात सज्जन शिपाई नाही, पत्रकारही नाही. केली त्या मुलीला वाचवते ती स्वतःच पळत असताना.

आपल्या कथांचा कल आपल्या कायद्याशीही जुळतो. १९५६ च्या कायद्याला १९८६ च्या दुरुस्तीनं आजचं नाव मिळालं : अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा. त्यात देहविक्रय हा स्वतःच गुन्हा नाही. पण धाडीत ‘सोडवलेल्या’ स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याची तरतूद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन सज्ञान तरुणींना मुक्त केलं आणि आपला व्यवसाय निवडण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान, स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या स्त्रियांना धाडीत अटक करू नये, छळू नये असं बजावलं, आणि पत्त्याच्या पुराव्याशिवायही त्यांना आधार कार्ड मिळावं असा आदेश दिला. न्यायालयाला जे दिसलं ते कथाकारांनाही दिसायला हवं होतं : सुटका झालेली बाई आणि स्वतंत्र झालेली बाई या दोन वेगळ्या बाया आहेत.

कुडव्यात बसून हे लिहिताना गोंदिया जंक्शन डोळ्यांपुढे येतं. इथून रूळ नागपूरकडे, दुर्गकडे, बालाघाटमार्गे जबलपूरकडे आणि नागभीडमार्गे बल्लारशाकडे जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीच्या वाटा अडवल्या, तेव्हा विदर्भात बरीच चर्चा झाली; ती नैतिकतेची, जागेची आणि राजकारणाची होती. तिथल्या एखाद्या बाईनं रातोरात गाठोडं बांधलं असेल, तर तिच्या कनवटीला किती पैसे होते, तिनं कुठलं तिकीट काढलं, उतरल्यावर खोली भाड्यानं घेताना नाव काय सांगितलं, हे कादंबरीचे प्रश्न आहेत. मराठी गुन्हेकथेला रहस्य शोधायला खुनापर्यंत जाण्याची गरज नाही. या प्रश्नांत पुरेसं रहस्य आहे.

मैनेनं कोठडीचं दार उघडं असूनही पाऊल बाहेर टाकलं नाही, कारण त्या दाराबाहेरचा रस्ता तिच्या कथाकारांनी आखलाच नव्हता. त्याला आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तो रस्ता आखायचा तर आधी शिपायाची नजर सोडावी लागेल आणि पळणारीच्या हातातले पैसे मोजायला शिकावं लागेल.