उरलेला काळ : टिळक दांपत्याच्या लेखनातील निकडीची जाणीव

नारायण वामन टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' प्रांजळ, खेळकर आत्मकथा म्हणून. दोन्ही ओळखी खोट्या नाहीत. पण त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत, की या घरात वेळ हाच वादाचा विषय होता, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानात येत नाही. आयुष्य थोडे आहे, म्हणून करायचे ते आताच केले पाहिजे, ही जाणीव टिळकांच्या धर्मनिष्ठेच्या केंद्रस्थानी होती. तिची किंमत कोणी आणि कशी मोजली, याची नोंद लक्ष्मीबाईंनी केली. माझ्या मते मराठी ख्रिस्ती साहित्यातील निकडीचा विचार ही दोन लेखने समोरासमोर ठेवल्याशिवाय करता येत नाही.

प्रथम एक सोयीचे समीकरण बाजूला सारायला हवे. भारतीय काळकल्पना चक्राकार, म्हणून तिथे घाई नाही; ख्रिस्ती काळकल्पना रेषात्मक, म्हणून तिथे घाई आहे, असे आपण वर्गात सांगून मोकळे होतो. संतवाङ्मय वाचलेल्या कोणालाही हे पटू नये. चौऱ्यांशी लक्ष योनींनंतर लाभलेला नरदेह वाया जाईल, ही धास्ती अभंगवाणीच्या गाभ्यातच आहे. आणि तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या टिळकांना ती मिशनऱ्यांकडून शिकावी लागली नाही. फरक निकडीच्या प्रमाणात नसून तिच्या रोखात आहे. पौलाच्या पत्रांत काळ नुसता थोडा नसतो, तो आखडत आणलेला असतो; त्याच्या पलीकडे कोणीतरी येऊ घातलेले असते, आणि अलीकडे शेजारी उभा असतो. फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) या ग्रंथात क्रोनोस आणि कैरोस या ग्रीक संज्ञांतील भेद कथनमीमांसेसाठी वापरला आहे. क्रोनोस म्हणजे नुसता सरणारा काळ; कैरोस म्हणजे शेवटाशी असलेल्या नात्यामुळे अर्थाने भारला गेलेला क्षण. ही परिभाषा घेऊन बोलायचे, तर टिळक कैरोसमध्ये जगत होते आणि त्यांचे घर क्रोनोसमध्ये चालत होते.

या जगण्याचा आरंभबिंदू आमच्या भागातून गेलेल्या एका प्रवासात आहे. कोहमाऱ्याहून महामार्ग देवरीवरून पूर्वेकडे राजनांदगावला जातो. लोहमार्ग त्याच्या उत्तरेने, गोंदिया-डोंगरगडवरून. (वाङ्मयेतिहासाच्या नकाशावर हा टापू क्वचितच भेटतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.) १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. वॉर्ड यांनी 'नवा करार' हाती दिला आणि तो नीट अभ्यासल्यास दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, यात धर्मप्रचारकांना रस असेल. समीक्षकाने पाहायचे ते हे, की येथे एका आयुष्याला मुदत घातली गेली. मिखाइल बाख्तिन कादंबरीतील 'रस्ता' आणि 'भेट' यांना काळ-अवकाशाची घनीभूत स्थाने मानतात. आगगाडीचा डबा हे त्याचे एकोणिसाव्या शतकातले रूप म्हणता येईल. वेळापत्रक ठरलेले, सहप्रवासी अनोळखी, आणि म्हणायचे ते उतरण्याचे स्टेशन येण्यापूर्वी म्हणावे लागते.

अशीच एक मुदत आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही दिसते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त जिथे एकत्र बसतील असे ते बंधुमंडळ होते. ५ मे १९१८ रोजी त्यांच्या घरात मुलासारखे राहून गेलेले बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून वारले. वय अवघे सत्तावीस. ९ मे १९१९ रोजी टिळक स्वतः गेले. 'दरबारा'ला जेमतेम दोन वर्षे मिळाली. संस्था म्हणून तो टिकला नाही, हे खरे. परंतु मिशनमध्ये पगारावर राहिले असते, तर हाती आलेले काम सुरक्षितपणे पुढे ढकलता आले असते, एवढेच. ते झाले असते असे नव्हे.

येथवर टिळकांची बाजू. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात काळ आखडला आहे असे सांगताना पौल त्यातून जो पहिला निष्कर्ष काढतो, तो अस्वस्थ करणारा आहे : ज्यांना बायका आहेत त्यांनी त्या नसल्यासारखे राहावे. या विधानावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या 'बायकां'पैकी एकीने मराठीत लिहिलेले उत्तर म्हणून मात्र 'स्मृतिचित्रे' आपण वाचलेली नाहीत. टिळक न सांगता घरातून निघून जातात, घरात आलेला पैसा दारातूनच दुसऱ्या कोणाच्या गरजेला जातो, परकी मुले घरात येतात आणि घरची होतात. धर्मांतराचा निर्णय होतो तेव्हा पत्नी त्या निर्णयाच्या बाहेर असते. पुढची काही वर्षे ती नातेवाइकांच्या आधाराने, वेगळी राहते. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये होतो. पतीने दोन वर्षांत ओलांडलेले अंतर तिने स्वतःच्या चालीने, अधिक वेळ घेऊन ओलांडले. ही तिची मंदबुद्धी नव्हे. आपल्या विश्वासाचा काळ दुसऱ्याच्या घड्याळावर लावून घ्यायला तिने दिलेला नकार आहे.

लक्ष्मीबाईंचा विनोद याच ठिकाणी काम करतो. त्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात, आणि या आडनावी अंतरामुळे निवेदक स्त्रीला आदर आणि न्याय दोन्ही एकाच वाक्यात सांभाळता येतात. टिळकांच्या उत्कट क्षणानंतर त्यांचे निवेदन चुलीकडे, भाड्याकडे, आजारी मुलाकडे वळते. कैरोस जिथे संपतो तिथे क्रोनोस सुरू होतो, आणि तो कोणाच्या तरी हातून निभावला जावा लागतो. येथे पौलाचे दुसरे मतही आठवावे. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अंत जवळ आल्याच्या समजुतीने गोंधळलेल्या मंडळीतल्या रिकामटेकड्यांना तो मुकाट्याने काम करून स्वतःची भाकरी खायला बजावतो. ख्रिस्ती निकडीच्या या दोन आज्ञा एकाच माणसाने लिहिल्या. टिळकांच्या घरात त्या दोन माणसांत वाटल्या गेल्या. अहमदनगरला प्लेगच्या दिवसांत रुग्णांची सेवा करणाऱ्या लक्ष्मीबाई पाहिल्या, की दुसऱ्या आज्ञेला 'सांसारिक' म्हणून खालचे स्थान देणे अवघड होते. टिळकांविषयी माझ्या मनात असलेल्या आदराला या वाचनाने कमीपणा येत नाही. पण त्यांच्या घाईचे निखळ कौतुक आता मला करता येत नाही.

आश्चर्य असे, की टिळकांच्या कवितेला हे आधीच कळले होते. 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता शाळेपासून आपण शिकाऱ्याच्या निर्दयतेची म्हणून वाचतो. तिचा खरा विषय उरलेला काळ आहे. जखमी पक्षिणीला मरण टाळता येत नाही आणि शिकाऱ्याला शाप देत बसायला तिच्यापाशी वेळ नाही. तिची सारी धडपड पिलांपर्यंत शेवटचा घास पोहोचवण्याची आहे. थोडा काळ म्हणजे आपल्यासाठी काही मिळवून घेण्याचा काळ नव्हे, तर हातातले दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा काळ, ही या कवितेची निकड आहे; आणि काळजी वाहणारी ती आई आहे, हा तपशीलही गौण नाही.

हाच आकार पंडिता रमाबाईंच्या अखेरीस दिसतो. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी केडगावला वर्षानुवर्षे चालवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे दिवस मागून घेतले, असे सांगतात. छापलेले पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

टिळकांना असे दिवस मिळाले नाहीत. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले. शाळेत न गेलेल्या, लिहिणे-वाचणे घरातच शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचा आहे. आरंभ त्यांचा आणि विस्तार हिचा, म्हणून 'ख्रिस्तायना'ला टिळकांचे अपुरे महाकाव्य म्हणायचे की लक्ष्मीबाईंचे पूर्ण, हा प्रश्न कर्तृत्वाच्या चर्चेत अजून नीट मांडला जायचा आहे. न सांगता निघून जाणाऱ्या माणसाचे अर्धवट राहिलेले काम, मागे राहून घर चालवण्याची सवय असलेल्या बाईने उचलले. या कामाचे दिवस तिच्याच उरलेल्या आयुष्यातून गेले. त्याच दिवसांतून 'स्मृतिचित्रे'ही लिहिली जात होती : पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, चौथा १९३६ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.