पाणी सापडले म्हणजे जीव सापडला?

मंगळावर पाण्याची खूण मिळाली, की ‘आता जीवही सापडणार’ असे मथळे झळकतात. वर्गातही तेच वाक्य उतरते. या तर्कावर आमचा आक्षेप आहे.

मंगळाच्या पृष्ठभागावर हवा विरळ, थंडी कडक आणि अतिनील किरणांचा मारा; तेथे द्रव पाणी टिकत नाही. १९७६ साली ‘वायकिंग’ यानांनी वरवरची माती तपासली, पण जीवांचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. सूक्ष्मजीव असलेच, तर खोल खडकाच्या भेगांत असावेत. हा खडक बहुतांशी बेसाल्ट, म्हणजे कर्जत-खालापूरच्या डोंगरांतला आपला काळा कातळच!

पण अंधारात जीव खाणार काय? १९९५ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स व मॅकिन्ली यांनी कोलंबिया नदीच्या प्रदेशातील बेसाल्टच्या भूजलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव नोंदवले. खडक व पाणी यांच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या हायड्रोजनवर ते जगतात, असे त्यांनी मांडले. मंगळासाठी ही कल्पना फार सोयीची होती. मात्र १९९८ साली अँडरसन, चॅपेल व लव्हली यांनी दाखवले, की तेथल्याइतक्या अल्कधर्मी पाण्यात बेसाल्टपासून हायड्रोजन निघत नाही. सूक्ष्मजीव खरे होते. त्यांच्या अन्नाचा खुलासा अपुरा होता.

दुसरी अडचण आपल्याच दख्खनच्या कातळात दिसते. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल विंधणी झाली. त्या खडकांतही सूक्ष्मजीवांचा डीएनए आढळला. परंतु विंधताना वापरलेल्या पाण्याबरोबर वरचे जंतू आत जाऊ शकतात. म्हणून खडकाचा बाहेरचा थर काढून टाकावा लागतो आणि ते पाणीही वेगळे तपासावे लागते. नमुन्यात जीव जितके कमी, तितका परका जंतू अधिक फसवतो.

‘पर्सिव्हरन्स’ला मंगळावरील एका खडकात दिसलेल्या ठिपक्यांना २०२५ साली शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य’ जैवखूण म्हटले, कारण तसे ठिपके जीवांशिवायही तयार होऊ शकतात. मथळ्यांत नेमका हाच शब्द गळतो.

शिक्षकांनी कातळातून झिरपणारे पाणी एका उकळलेल्या बाटलीत मुलांकडून भरून घ्यावे. तशाच दुसऱ्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी तेथेच नेऊन भरावे. दोन्हींचे थेंब उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर टाकून काप झाकून ठेवावेत. दोन्हींवर सारखीच वाढ झाली, तर झऱ्याबद्दल काय म्हणता येईल? हा प्रश्न ज्या मुलाला पडेल, तो मंगळाची बातमीही नीट वाचेल.