परस्परबोधाचा निकष आणि मराठीचा शेजार

१

दोन भाषारूपांना एकाच भाषेच्या बोली मानावयाचे की स्वतंत्र भाषा, हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे परस्परबोधाचा निकष पुढे केला जातो. एकाचे बोलणे दुसऱ्यास शिकल्यावाचून समजत असेल तर त्या बोली. समजत नसेल तर त्या भाषा. निकष दिसावयास सोपा आहे व त्याची लोकप्रियताही या सोपेपणातूनच आलेली आहे. परंतु तो जितक्या सहजतेने सांगता येतो तितक्या सहजतेने लावता येत नाही. ‘समजणे’ हा भाषेचा गुण नव्हे; तो ऐकणाऱ्या माणसाचा व्यापार होय, आणि त्या व्यापारात भाषांच्या नात्याइतकाच सवयीचा, गरजेचा व इच्छेचा वाटा असतो. रोमान्स भाषांच्या अभ्यासाने ही गोष्ट पुरेशी स्पष्ट केली आहे. मराठीच्या परिसरात मात्र हा निकष बहुधा तपासल्यावाचून वापरला जातो, आणि त्याचे परिणाम केवळ वर्गीकरणापुरते राहत नाहीत.

२

लॅटिनमधील ‘रात्र’ या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये ‘नोचे’, पोर्तुगीजमध्ये ‘नोइते’, इटालियनमध्ये ‘नोत्ते’, रुमानियनमध्ये ‘नोआप्ते’ आणि फ्रेंचमध्ये ‘न्वी’ असा झाला. पहिली चार रूपे कानाला परस्परांचे सोयरे म्हणून ओळखता येतात. पाचवे येत नाही. तोच फ्रेंच शब्द लिहिलेला पाहिला असता त्याच्या अखेरीस मूळचा त-कार अद्याप उभा असलेला दिसतो. म्हणजे इटालियन माणसाला फ्रेंच वाचताना जे कळते ते ऐकताना कळेलच असे नाही. परस्परबोधाविषयी बोलताना तो डोळ्यांचा की कानाचा, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही.

दुसरी अडचण दिशेची आहे. जॉन जेन्सन यांनी १९८९ मध्ये लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश व ब्राझीलमधील पोर्तुगीज या भाषांच्या भाषिकांची चाचणी प्रसिद्ध केली. आकलनाचे प्रमाण साधारणतः पन्नास ते साठ टक्के भरले. पण पोर्तुगीज भाषिकांना स्पॅनिश जितकी कळली तितकी स्पॅनिश भाषिकांना पोर्तुगीज कळली नाही. याचे एक कारण ध्वनिव्यवस्थेत सापडते. स्पॅनिशचे स्वर पाच व स्पष्ट. पोर्तुगीजचे अधिक, त्यांत अनुनासिक स्वरांची भर, आणि आघातहीन स्वर दबलेले. अधिक भेद जाणणाऱ्या कानाला कमी भेदांची भाषा उलगडते; उलट दिशेने ही वाट चढणीची होते.

शार्लोट गूस्केन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील सोळा भाषांवर केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच रोमान्स भाषा होत्या. रुमानियन भाषिकांना इतर रोमान्स भाषा बऱ्यापैकी समजतात, पण इतरांना रुमानियन फारशी समजत नाही, असे त्यातून दिसले. शाळा, चित्रपट व दूरचित्रवाणी यांतून एका बाजूचा परिचय अधिक असतो. म्हणूनच या संशोधनात भाषांच्या साम्यातून येणारा सहजबोध आणि संपर्कातून येणारा अर्जितबोध वेगळे करण्याचा यत्न केला गेला. हा भेद या विषयातील मुख्य मिळकत होय.

साम्य फसवतेही. स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी. मराठी वाचकाला हिंदीतील ‘शिक्षा’ व ‘चेष्टा’ हे शब्द आठवले तरी याचा प्रत्यय येईल. अनोळखी शब्दापाशी श्रोता थांबतो व विचारतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दापाशी तो थांबत नाही, आणि चूक तेथेच घडते.

३

मराठीच्या परिसरातील सर्वांत वादग्रस्त उदाहरण कोकणीचे आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणीला मराठीची बोली म्हणून नोंदविले. त्या पाहणीची सामग्री पाहिली तर एका ठराविक दृष्टांतकथेचे भाषांतर, स्थानिक उतारे व शब्दांच्या याद्या यांवर ती उभी आहे. कोणाला कोणाचे किती समजते, याची चाचणी तीत नाही. निर्णय रूपांवरून झाला. पण पुढील वादांत तो आकलनावरून झाल्यासारखा वापरण्यात आला. सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या बोलींची ऐतिहासिक तुलना करून तिच्या घडणीचा विचार स्वतंत्रपणे मांडला. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून कोकणीच्या निरनिराळ्या रूपांची काटेकोर वर्णने प्रसिद्ध केली. वर्णनांचे मोल निर्विवाद आहे, परंतु ज्या मालेत ती निघाली तिचे नावच ‘मराठी बोलींची पाहणी’ असे होते. प्रश्नाचे उत्तर मुखपृष्ठावर आधीच छापलेले होते.

पुढील इतिहास परिचित आहे. १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातील जनमत कौल, १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून दिलेली मान्यता, १९८७ चा गोव्याचा राजभाषा कायदा आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झालेला समावेश. यांपैकी एकही निर्णय आकलनाच्या चाचणीवरून झालेला नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. असे असता ‘गोव्याच्या माणसाला मराठी समजते, म्हणून कोकणी ही मराठीच’ हा युक्तिवाद वारंवार केला गेला. त्यातील दोष रोमान्स भाषांच्या उदाहरणाने उघड होतो. गोव्याच्या माणसाला मराठी समजते ती कीर्तनातून, नाटकातून, वृत्तपत्रांतून व शाळेतून. हा अर्जितबोध आहे. परीक्षा घ्यावयाची तर ती उलट दिशेनेही घेतली पाहिजे.

कल्पना करावी की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तिसगावच्या, कोकणीचा कधी संपर्क न आलेल्या श्रोत्यापुढे ‘म्हाका उदक जाय’ हे साधे वाक्य आले. ‘म्हाका’चा अर्थ संदर्भावरून लागू शकेल. ‘उदक’ त्याला ठाऊक असते, पण ते नित्याच्या बोलण्यातून नव्हे. अभंगातून व धार्मिक विधींतून. ‘जाय’पाशी मात्र तो फसण्याचा संभव मोठा, कारण त्याच्या कानाला तेथे ‘जाणे’ ऐकू येते आणि वाक्यात तर ‘हवे’ असा अर्थ आहे. तीन शब्दांपैकी एक तर्काने, एक परंपरेने, आणि एक चुकीने समजला. या श्रोत्याला कोकणी ‘समजली’ म्हणावयाचे की नाही? निकषापाशी याचे उत्तर नाही.

‘उदका’चे उदाहरण आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मध्ये सांगितली गेली ती नेवाशास, म्हणजे याच जिल्ह्यात. तरीही तिची भाषा आजच्या तिसगावकरास निरूपणावाचून पूर्णपणे कळत नाही. आणि पारायणाला नित्य बसणाऱ्या निरक्षर श्रोत्याला ती पदवीधरापेक्षा अधिक कळू शकते. येथे भाषा एक, भूमी एक, आणि आकलन मात्र सर्वस्वी संस्कारावर अवलंबून. ज्या निकषाने ज्ञानेश्वरी आणि आजची मराठी या दोन भाषा ठरतील, तो कोकणीपुरताच निर्णायक मानणे तर्कास धरून नाही.

याचा अर्थ विरुद्ध पक्षाचा दावा या निकषाने सिद्ध होतो असाही नव्हे. कुडाळकडून गोव्यात, तेथून कारवार, मंगळूर व कोचीपर्यंत गेले असता शेजारच्या गावाचे बोलणे शेजाऱ्याला कळते आणि दोन टोकांना मात्र परस्परांचे कळणे कठीण होते. पोर्तुगालपासून इटलीपर्यंतच्या ग्रामीण बोलींविषयीही असेच सांगितले जाते. साखळीतील कोणत्या कडीवर सीमा मारावयाची, हे आकलन सांगू शकत नाही. ते इतिहास, साहित्य व समाजाची इच्छा ठरवीत असतात.

४

तिसगावच्या शेजारीच मढी येथे कानिफनाथांचे स्थान आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या यात्रेत भटक्या समाजांचे लोक दूरदूरहून तेथे येतात आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. नात्याने दूर असलेल्या भाषा एका ठिकाणी येण्याचे असे प्रसंग थोडे. कैकाडींची बोली तमिळशी व वडारांची तेलुगूशी निगडित असल्याचे ग्रिअर्सन यांनी नोंदविले; पारधींची बोली त्यांनी भिल्ली भाषांच्या गटात घातली. व्यवहार मात्र मराठीत होऊ शकतो, कारण मराठी यांतील बहुतेकांना यावीच लागते. अशा बाजारात सगळ्यांना सगळ्यांचे समजते, असे वरवर पाहणारा म्हणेल. वस्तुतः लहान भाषेचा माणूस मोठी भाषा शिकलेला असतो. मोठ्या भाषेच्या माणसाला शिकावे लागलेले नसते.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा गम्पर्झ व विल्सन यांचा अभ्यास (१९७१) येथे साहाय्यक ठरतो. कुपवाडमध्ये मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी जवळ आली की एकीतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येते. तरी शब्द व रूपे वेगळीच राहिली, कारण घरची ओळख त्यांवर अवलंबून होती. नाते नसताना जवळीक येऊ शकते, आणि जवळीक असूनही भाषा वेगळ्या राखल्या जातात.

इच्छेचा भाग हॅन्स वुल्फ यांनी १९५९ मध्ये नायजेरियाच्या उदाहरणाने दाखविला. नेम्बे भाषिक म्हणत, कालाबारी आम्हांस समजते. संपन्न कालाबारी भाषिक म्हणत, नेम्बे आम्हांस समजत नाही. भाषांतील अंतर दोन्ही बाजूंनी तेच होते.

५

या चर्चेला शाळेच्या उंबरठ्यावर खरे गांभीर्य येते. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे सांगितले आहे. पारधी किंवा गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत बसते तेव्हा ‘त्याला मराठी समजते’ असे गृहीत धरणे सोपे जाते. त्याचे आईबाप बाजारात मराठी बोलताना सर्वांनी ऐकलेले असतात. पण आईबापांचा अर्जितबोध मुलाचा सहजबोध होत नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी ही हिंदीच्या सदराखाली मोजली गेली. त्या सदरावरून मुलाला हिंदी समजते असे अनुमान कोणी काढले तर ते शास्त्र नव्हे, नुसती सोय होय.

परस्परबोधाची संकल्पना टाकून द्यावी असे यातून निष्पन्न होत नाही. तिच्याकडून योग्य तेच काम घ्यावे, एवढेच. मराठी परिसरात अशी चाचणी घेताना ती दोन्ही दिशांनी घ्यावी. ऐकणे व वाचणे वेगळे मोजावे. संपर्क असलेले व नसलेले श्रोते वेगळे नोंदवावेत. आणि ‘समजते का?’ असे विचारून न थांबता काय समजले हे पाहावे, कारण या प्रश्नाचे उत्तर बहुधा मानाचे असते, आकलनाचे नसते. अशा मोजणीवरून भाषेचा दर्जा ठरणार नाही. मात्र ऐकण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हे तीवरून निश्चित कळेल; आणि शिक्षकाला, पाहणी करणाऱ्याला व धोरण आखणाऱ्याला त्याच माहितीची अधिक गरज आहे.