खेळातले शिकणे आणि त्याचा पुरावा

मूल व्हिडिओ गेम खेळत असते तेव्हा त्याची प्रत्येक कृती संगणक टिपून ठेवतो. मग त्याला काय समजले हे पाहायला वेगळी परीक्षा हवी कशाला? शैक्षणिक खेळांच्या क्षेत्रातला मोठा उत्साह या एका प्रश्नातून आलेला आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील व्हॅलरी शूट यांनी अशा, खेळ न थांबवता मुलाच्या नकळत होणाऱ्या मूल्यमापनाला ‘स्टेल्थ असेसमेंट’ हे नाव दिले. कल्पना मोलाची आहे आणि तिच्यामागे कसून केलेले काम आहे. तरीही आजवरचे प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर नोंदींचा ढीग वाढल्याने शिकणे अधिक स्पष्ट दिसते असे म्हणता येत नाही. पुरावा खेळ रचतानाच त्यात गुंफावा लागतो, मागाहून उकरून काढता येत नाही. आणि खेळ जितका मोकळा, तितका त्यावरून करायचा दावा आखडता घ्यावा लागतो.

शूट यांच्या गटाचा ‘फिजिक्स प्लेग्राउंड’ हा या कामाचा उत्तम नमुना आहे. पडद्यावर एक हिरवा चेंडू असतो आणि लांब कुठेतरी लाल फुगा. चेंडू फुग्यापर्यंत पोचवायचा. खेळाडू रेघ ओढतो आणि रेघेला तत्क्षणी वजन येते. ती पडते, घसरते, टांगली तर झुलते. कुणी उतरण काढतो, कुणी तरफ, कुणी लंबकाचा फटका देतो. एकच बरोबर उत्तर नाही, पण मोजक्या रेघांत काम झाले तर वरचे पदक मिळते. यामागचा आराखडा रॉबर्ट मिस्लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये घडवला. मुलाच्या कोणत्या समजेबद्दल बोलायचे हे आधी ठरवायचे, मग कोणती कृती तिचा पुरावा मानायची ते, आणि त्यानंतर ती कृती घडेल असा प्रसंग रचायचा. पुढचे काम संभाव्यतेच्या गणिताचे: प्रत्येक कृतीनंतर ‘या मुलाला तरफ कळली असावी’ हा अंदाज थोडा वर किंवा खाली सरकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवी-नववीची १६७ मुले सुमारे चार तास हा खेळ खेळली आणि खेळाबाहेरच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीत त्यांची प्रगती दिसली, माफक पण खरी. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की संशोधकांनी बाहेरची चाचणी घेतली. खेळातल्या पदकांवर विसंबून ते थांबले नाहीत. कारण मोकळ्या खेळात पळवाटाही असतात. चेंडूखाली बारीक बारीक तुकडे रचत त्याला वर चढवत नेता येते. फुगा मिळतो, पण भौतिकशास्त्राला हातही लागत नाही. असा मार्ग बंद करणे हे लेव्हल रचणाऱ्याचे काम आहे. नंतर बसणारा संख्याशास्त्रज्ञ ते करू शकत नाही.

‘सिमसिटीएज्यु’ या शहर उभारण्याच्या खेळात कृतीवरून समज ओळखण्याची ही अडचण आणखी गडद होते. २०१३ साली ग्लासलॅब या संस्थेने तो शाळांसाठी आणला. शहराचे प्रदूषण कमी करायचे आणि वीज व रोजगारही टिकवायचे, असे आव्हान. समजा, एका मुलाने सुरुवातीलाच कोळशावरचा वीजप्रकल्प पाडला आणि निम्मे शहर अंधारात गेले. एका कारणाचे अनेक परिणाम असतात हे त्याला कळलेले नाही, की पाडल्यावर काय होते हे त्याला मुद्दाम पाहायचे होते? नोंदीत दोन्ही कृती हुबेहूब सारख्या उतरतात. दुसरे मूल म्हणजे जातिवंत जिज्ञासू, आणि कच्चे मोजयंत्र नेमके त्याचेच गुण कापणार. अमेरिकेतल्या टर्क या संस्थेने ‘झूंबिनीज’ या जुन्या कोडेखेळावर काम करताना यावर बरा उपाय शोधला. त्यातल्या एका कोड्यात राक्षसाला हवा तसा पिझ्झा द्यायचा असतो. कोणते पदार्थ वर घालायचे ते त्याच्या प्रतिसादावरून ओळखायचे. एकेक पदार्थ घालून पाहणारे मूल पद्धतशीर विचार करते. कसेही चाचपडणारे मूल वेगळे. संशोधकांनी आधी मुलांचा खेळ माणसांच्या डोळ्यांनी पाहिला, डावपेचांना हाताने खुणा केल्या आणि मगच संगणकाला त्या ओळखायला शिकवले. काम वेळखाऊ आहे, पण कृतीचा अर्थ लावण्याची जबाबदारी यात कुणीतरी घेतलेली आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की पुरेशा नोंदी आणि पुरेसे ताकदवान प्रारूप मिळाले की अर्थ यंत्रच शोधेल. पण यंत्र कशाचे भाकीत करते, हे विचारले पाहिजे. बहुतेक वेळा ते नंतरच्या लेखी चाचणीतल्या गुणांचे असते. मग खेळाने नवे काय दाखवले? जी परीक्षा अपुरी म्हणून खेळाकडे वळलो, तिचाच अंदाज लांबच्या वाटेने हाती आला. आणि नुसत्या खेळातल्या यशावर भिस्त ठेवली, तर काय होते ते ‘ड्रॅगनबॉक्स’ने दाखवले. त्यात बीजगणिताची समीकरणे डब्यांच्या आणि चित्रांच्या रूपात येतात आणि मुले ती झरझर सोडवतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी त्याची तुलना समीकरणे शिकवणाऱ्या एका साध्या संगणकीय शिकवणीशी केली. आनंद खेळात जास्त होता. पण कागदावरच्या समीकरणांत शिकवणीतली मुले पुढे निघाली. खेळाची शेवटची लेव्हल गाठणे हा बीजगणित आल्याचा पुरावा धरला असता, तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेखी परीक्षा तरी कुठे निर्मळ असते? तिथेही वाचनाचा वेग, अक्षर, घोकंपट्टी गुणांत मिसळते. हे मान्यच करायला हवे, आणि मूल उत्तरापर्यंत कसे पोचले हे दाखवण्याची खेळाची शक्ती परीक्षेकडे नाही हेही. म्हणूनच शिक्षकाला ‘ही तिघे तरफेपाशी अडली आहेत’ एवढे सांगायला खेळ वापरण्याच्या बाजूने मी ठाम आहे. चुकीचा अंदाज शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्त करतो. गुणपत्रिकेवर चढलेला अंदाज मात्र कुणी दुरुस्त करत नाही. प्रश्नपत्रिका निदान वाचता येते, फेरतपासणी मागता येते. कोडमध्ये दडलेल्या गुणदानाविरुद्ध पालकाने दाद कुठे मागायची?

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचतो. एका टॅबभोवती चार मुले बसली असतील, तर नोंद कुणाच्या शिकण्याची होते? बोट चालवणाऱ्याची, की शेजारून ‘अरे, खाली ओढ’ म्हणणाऱ्याची? घरी मोबाइलवर खेळायला मिळणारे मूल इथे आधीच पुढे असते, आणि त्या सफाईचा मोजायच्या विषयाशी काही संबंध नसतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. ठरावीक हेतूंसाठी सवलतीची तरतूदही त्यातच आहे. ही सवलत वापरणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक खेळाकडून कोणती कृती कशाचा पुरावा मानली आणि खेळाबाहेर ती कशी पडताळली, याचा लेखी खुलासा शाळांनी मागायला हवा, आणि तो पालकांना वाचता येईल अशा मराठीत हवा.