सॉकेट प्रोग्रॅमिंगचे अध्यापन आणि स्टीव्हन्स यांचा ग्रंथ : एक चिकित्सा

संगणकांमधील संवादासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे सॉकेट १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर रूढ झाले. या विषयावरील प्रमाणभूत ग्रंथ म्हणून डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’चा (प्रथमावृत्ती १९९०) निर्देश केला जातो. स्टीव्हन्स १९९९ मध्ये निवर्तले. पहिल्या खंडाची तिसरी आवृत्ती बिल फेनर व अँड्र्यू रुडॉफ यांनी सिद्ध केली. प्रस्तुत लेखात त्या खंडाचा विचार केवळ अध्यापनाच्या अंगाने केला आहे.

सर्व्हरसाठी सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट आणि क्लायंटसाठी सॉकेट, कनेक्ट ही क्रमवारी आपले विद्यार्थी मुखोद्गत करतात. प्रात्यक्षिकात क्लायंट ‘नमस्कार’ पाठवतो, सर्व्हर एकदाच रीड करून तो छापतो आणि जर्नलवर सही होते. दोन्ही प्रोग्रॅम बहुधा एकाच संगणकावर चालत असल्याने त्यांतील दोष झाकला जातो. टीसीपी संदेश पोहोचवत नाही. तो बाइटांचा अखंड प्रवाह पोहोचवतो. दोनदा राइट केलेला मजकूर एकाच रीडमध्ये येऊ शकतो, तर एकदा राइट केलेला मजकूर तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो. बाइटांचा क्रम तेवढा बिघडत नाही. संदेश कोठे संपला हे आधी लांबी पाठवून अथवा ओळीच्या अखेरच्या चिन्हावरून प्रोग्रॅमनेच ठरवावे लागते.

स्टीव्हन्स यांचे मोठेपण नेमके येथे जाणवते. पहिल्याच प्रकरणातील, सर्व्हरला वेळ विचारणारा छोटा क्लायंट उत्तर लूपमध्ये वाचतो. उत्तर अवघे २६ बाइटांचे. ते एका खेपेत येईल किंवा एकेक बाइट करीत २६ खेपांतही येईल, हे ते तेथेच बजावतात. रीडकडून शून्य मिळाले की समोरच्याने जोडणी बंद केली, हीच त्या उत्तराची समाप्ती होय.

ग्रंथ सर्वस्वी निर्दोष मात्र नाही. मोठ्या अक्षराने सुरू होणारी लेखकाची आवरण-फंक्शन्स चूक आढळताच प्रोग्रॅमच संपवतात. त्यामुळे पानावरील कोड सुटसुटीत दिसतो, हे मान्य. परंतु सतत चालू राहणे हेच ज्याचे काम त्या सर्व्हरला ही सवय परवडत नाही. पाचव्या प्रकरणात सिग्नलमुळे ॲक्सेप्ट खंडित होतो, तेव्हा लेखकालाच आवरण दूर सारून मूळ फंक्शन वापरावे लागते. प्रारंभीची उदाहरणे उतरवून घेणारा विद्यार्थी तेथवर क्वचितच पोहोचतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत क्लायंटने एकच ओळ दोन तुकड्यांत, मध्ये एक सेकंद थांबून पाठवावी आणि सर्व्हरने ती अखंड छापावी, एवढी अट सहज घालता येईल. त्यासाठी दुसऱ्या संगणकाचीही आवश्यकता नाही.