‘आपलं’ म्हणजे कोणाचं? ‘वाइल्ड आइल्स’ पाहताना

आज आपण ‘वाइल्ड आइल्स’ या बीबीसीच्या मालिकेबद्दल बोलणार आहोत. २०२३ सालची, पाच भागांची. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं. आयुष्यभर साऱ्या जगातले प्राणी दाखवून हा माणूस नव्वदी उलटल्यावर घरच्या अंगणात परत आला. पहिल्याच भागात शेटलंडच्या किनाऱ्यावर ऑर्का सीलच्या शिकारीला येतात. असलं काही पाहायला दूरदेशी जावं लागत नाही, हे मालिका प्रेक्षकाला पटवून देते. एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

आमची अडचण एका शब्दाशी आहे. पहिल्या भागाचं नाव ‘आपली अनमोल बेटं’ असं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे ‘आपलं’ म्हटलं की अडखळायची आम्हाला खोडच आहे.

‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू घ्या. त्याची अळी सुरुवातीला रानथाइमच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर उतरते. लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते, आणि ही बया तिथे बसून मुंग्यांचीच पिल्लं खाते! फुलपाखरू कमी होऊ लागलं तेव्हा दोष संग्राहकांना दिला गेला. त्यांना अडवण्यासाठी कुंपण घातलं, तर गुरंही बाहेर राहिली. अळीचा निभाव लागतो तो मुख्यतः मुंगीच्या एकाच जातीकडे, आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन, म्हणजे अगदी खुरटं गवत लागतं. हे जेरेमी थॉमस यांनी १९७०च्या दशकात माळावर ठाण मांडून शोधलं. चराई घटली होती, १९५०च्या दशकात रोगाने ससेही मेले होते. गवत वाढलं, जमीन थंड झाली, मुंगी गेली. १९७९ साली फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. कारण कळलं होतं, पण उशिरा.

आता गंमत पाहा. गवत खुरटं ठेवणारा तो ससा मुळात ब्रिटनचा नाहीच. तिथे तो पसरला नॉर्मन लोकांमुळे. आणि आज तिथे उडणारी निळी फुलपाखरं १९८०च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्यांची वंशावळ आहे. मग ‘देशी’ कोण? आम्हाला वाटतं, देशीपण त्या जिवात शोधायचं नाही. मुंगी, गवत, चरणारं जनावर यांच्या जमलेल्या संसारात शोधायचं. मालिकेचा कॅमेरा मात्र एकेका जिवावर लुब्ध आहे. चित्र अप्रतिम, पण गवत कोणी चरलं हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही.

समुद्राच्या बाबतीत हे अधिकच खटकतं, कारण तळ कोणालाच दिसत नाही. अ‍ॅरन बेटावर १९९५ साली दोघा पाणबुड्यांनी उजाड होत चाललेल्या तळासाठी संघटना उभारली. लॅमलॅश उपसागरात मासेमारीबंदी व्हायला २००८ उजाडलं. तेरा वर्षं सभा, अर्ज, पत्रं! यातलं कॅमेऱ्याला काय मिळणार, हेही खरंच म्हणा.

या पाच भागांखेरीज संरक्षणाच्या उपायांवर एक सहावी, वेगळी फिल्म आहे. ती टीव्हीवर नव्हे, फक्त आयप्लेअरवर आली, आणि त्यावरून बराच वाद झाला. मिळाली तर पाहून या. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.